ड्रोन बॅगेत भरताना, घरी ठेवताना आणि पाती जपताना

गेल्या शिमग्यात आमच्या ग्रामदेवतेची पालखी सहाणेवरून, म्हणजे शिमग्यात ती बसते त्या जागेवरून निघाली, तेव्हा मी गर्दीपासून लांब, एका मोकळ्या मळ्यातून ड्रोन उडवला. ऊन कोवळं होतं, वारा नव्हता, हातातल्या मोबाइलवर सगळं छान दिसत होतं. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर पाहिलं तर चित्र पाण्यात पाहावं तसं लहरत होतं. आमच्या धंद्यात याला ‘जेलो’ म्हणतात. आधी मी सेटिंगला दोष दिला, मग कॅमेऱ्याला. संध्याकाळी ड्रोन टेबलावर ठेवून डोळे पात्यांच्या पातळीला आणले, तेव्हा कळलं. मागच्या एका पात्याचं टोक जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं वर उचललेलं होतं. दोन आठवड्यांपूर्वी घाईत मी बॅगेत ड्रोनवर चार्जर दाबून चेन लावली होती. ड्रोन कुठेही आपटला नव्हता. पातं बॅगेतच वाकलं होतं, आणि पालखी पुन्हा निघायला वर्ष जावं लागणार होतं.

नवीन ड्रोन घेणारी मुलं मला उडवण्याबद्दल शंभर प्रश्न विचारतात, ठेवण्याबद्दल एकही नाही. म्हणून हा लेख. यात मी मुख्यतः मिटणाऱ्या छोट्या कॅमेरा ड्रोनबद्दल सांगतो आहे, म्हणजे डीजेआय कंपनीच्या मिनी, एअर, मॅव्हिक या धर्तीचे. लग्नाच्या शूटिंगला आणि फिरायला नेताना बहुतेकांच्या हातात हेच असतात.

आधी पात्याची ओळख

पातं साधं प्लास्टिकचं दिसतं, पण त्याचा आकार फार विचारपूर्वक केलेला असतो. बुंध्याशी त्याला जास्त पीळ असतो, टोकाकडे तो कमी होत जातो. पात्यावर बारीक अक्षरांत एक आकडा असतो, तो नक्की वाचा. मिनी २ च्या पात्यावर ४७२६ असतं. पहिले दोन अंक व्यास सांगतात, ४.७ इंच. पुढचे दोन पीच, २.६ इंच, म्हणजे पातं एका फेऱ्यात स्क्रूसारखं किती पुढे सरकेल ते. मिनी ३ प्रोवर ६०३० असतं. नवीन पाती घेताना हा आकडा जुळलाच पाहिजे.

मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते. एका बाजूचं पातं किंचित जड झालं किंवा वाकलं, की प्रत्येक फेऱ्याला मोटरला एक हिसका बसतो. ते हिसके ड्रोनच्या हातातून, म्हणजे मोटर ज्या दांड्यावर असते त्यातून, त्याच्या अंगात आणि तिथून कॅमेऱ्यापर्यंत जातात. कॅमेरा ज्या गिंबलवर, म्हणजे त्याला स्थिर धरणाऱ्या सांगाड्यावर बसवलेला असतो, त्याला रबराचे छोटे दट्टे असतात. ते थोडी थरथर गिळतात, सगळी नाही. पुढे मोटरची बेअरिंगही खराब होतात. म्हणून पात्याला पैसे वाचवायची जागा समजू नका. ड्रोनचा सगळ्यात स्वस्त भाग तोच आहे, आणि बाकीचे महाग भाग त्याच्यावर अवलंबून आहेत.

पातं तपासायचं कसं

यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. बॅटरी काढा. ड्रोन उघडून खिडकीजवळ ठेवा, उजेड समोरून आला पाहिजे. आता एकेक पातं बुंध्याशी हलकेच धरा आणि जी कड हवा कापत पुढे जाते तिच्यावरून बोटाचं टोक बुंध्याकडून शेंड्याकडे न्या. खाच असेल तर लगेच लागते. बोटाला खात्री वाटत नसेल तर निरांजनाच्या वातीचा थोडा कापूस घ्या, सैल करा आणि कडेवरून ओढा. जिथे तंतू अडकेल, तिथे खाच आहे. ही युक्ती मला फार उपयोगी पडते, कारण वयाबरोबर जवळचं कमी दिसायला लागलं आहे.

मग बुंध्याकडे बघा. राखाडी प्लास्टिकवर एखादी पांढुरकी रेघ दिसली, तर तिथे पातं कधीतरी जोरात वाकलं आहे. ते सरळ दिसत असेल, हाताला घट्टही लागेल, पण त्या रेघेपाशी ते आतून थकलेलं असतं. असं पातं मी त्याच दिवशी काढून टाकतो. शेवटी ड्रोन टेबलावर ठेवून, मान खाली घालून, मोटर बोटाने हळू फिरवा. एकाच मोटरवरच्या दोन्ही पात्यांची टोकं एकाच उंचीवरून जायला हवीत.

वाकलेलं पातं गरम पाण्यात घालून सरळ करायचे व्हिडिओ दिसतात. तसं करू नका. तुटलेल्या टोकाला फेविक्विक नको, रंगीत स्टिकर नको, चिकटपट्टीही नको. पुसायला मऊ, किंचित ओलसर फडकं पुरे. थिनर आणि पेट्रोलने प्लास्टिकला तडे जातात.

पातं बदलताना

शेजारशेजारच्या मोटरी उलट दिशांनी फिरतात, कर्णावरच्या दोन एकाच दिशेने. त्यामुळे पात्यांचेही दोन प्रकार असतात. एका प्रकारावर खूण असते, दुसऱ्यावर नसते, आणि ड्रोनच्या हातांवरही तशाच खुणा असतात. खुणेचं पातं खुणेच्या मोटरवर. हे चुकलं तर ड्रोन वर जात नाही, जमिनीवरच कलंडतो आणि उरलेली पातीही घालवतो.

मिनी २ मध्ये पाती स्क्रूने बसवतात. एका मोटरवरची दोन्ही पाती एकदम बदला. एक जुनं, एक नवं असं ठेवलं तर तोल पुन्हा बिघडतो. नव्या पात्यांबरोबर आलेले नवे स्क्रूच वापरा आणि ड्रोनबरोबर आलेल्या स्क्रूड्रायव्हरनेच पिळा. मोठ्या पेचकसाने स्क्रूचं डोकं गोल होतं आणि मग तो निघता निघत नाही. घट्ट झाल्यावर थांबा, जास्त जोर लावला की आटे जातात. बसवल्यावर पातं स्क्रूभोवती सहज फिरायला हवं. एअर आणि मॅव्हिकची पाती दाबून-फिरवून निघतात, तिथे स्क्रूची भानगड नाही.

जुन्या फँटमसारख्या न मिटणाऱ्या ड्रोनची पाती मात्र प्रवासात काढूनच ठेवायची. एकावर एक रचू नका. प्रत्येकाला जुन्या सुती कापडाची खोळ शिवा.

पात्यांभोवती लावायचे गार्ड शिकताना आणि हॉलमध्ये उडवताना चांगले. मात्र त्यांनी वजन वाढतं. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचा ‘मायक्रो’ धरतात. २४९ ग्रॅमच्या मिनीला पूर्ण गार्ड लावला की तो नॅनोत राहत नाही. वाऱ्यात गार्ड त्रासाचाच असतो, आणि बॅगेत भरताना तो काढावाच लागतो.

मिटायचा क्रम आणि बॅग

मिनी आणि मॅव्हिकमध्ये उघडताना आधी पुढचे हात, मग मागचे. मिटताना उलट, आधी मागचे, मग पुढचे. काही मॉडेलांत फरक आहे, म्हणून पुस्तिका एकदा वाचा. हात जोर लावून मिटतो आहे असं वाटलं, तर क्रम चुकला आहे असं समजून थांबा.

मी मिटतो ते असं. ड्रोन बंद करतो, मोटरी थंड होईपर्यंत दोन मिनिटं थांबतो. कॅमेऱ्याचं झाकण आधी लावतो, कारण हात मिटताना गिंबलला धक्का लागतो. मग हात क्रमाने आत. प्रत्येक पातं अंगाच्या लांबीला समांतर फिरवतो, एकही टोक बाहेर राहता कामा नये. मागच्या हातांची पाती पोटाखाली जातात, ती दिसत नाहीत म्हणून विसरतात. माझं शिमग्यातलं पातं तेच होतं. सगळ्यात शेवटी पात्यांचा पट्टा.

हा पट्टा, म्हणजे प्रोपेलर होल्डर, स्वस्त मिळतो आणि ड्रोनबरोबर पहिल्याच दिवशी घ्यावा. तो मिळेपर्यंत मऊ कापडाची पट्टी आणि वेलक्रो चालतं, फक्त सैल बांधा. रबरबँड लावू नका. उन्हाळ्यात तो वितळून पात्याला चिकटतो आणि सतत ताण देत राहतो. पट्टा चमकदार रंगाचा असावा. उडवायच्या गडबडीत काळा पट्टा नजरेतून सुटतो आणि मोटरी बांधलेल्या अवस्थेत फिरायला बघतात. कॅमेऱ्याच्या झाकणाचंही तसंच, ते काढूनच ड्रोन चालू करायचा.

बॅग घेताना एकच गोष्ट पाहा: प्रत्येक वस्तूला स्वतःचा कप्पा आहे का. चार्जर, रिमोट, वायर हे ड्रोनच्या वर येता कामा नयेत. रिमोटच्या काड्या काढून त्यांच्या खाचेत बसवा, नाहीतर त्या ड्रोनला टोचतात. घरी पेटी बनवायची असेल तर दाट फोम घ्या, ड्रोनचा आकार कागदावर गिरवा आणि कटरने कापा, पण पात्यांच्या जागी बोटभर पोकळी सोडा. फोमने अंगाला धरावं, पात्यांना नाही. थर्मोकोल नको, त्याचे दाणे सुटून मोटरीत जातात.

रस्त्यावर

दुचाकीवर ड्रोन पाठीवर घ्या. मागच्या कॅरिअरला किंवा टाकीवर बांधलेल्या बॅगेला इंजिनाची आणि खड्ड्यांची सगळी थरथर लागते. माणसाची पाठ ती बरीच झेलते. स्कूटरच्या सीटखालची जागा सोयीची दिसते, पण खाली इंजिन असतं आणि ती चांगलीच तापते. एसटीत बॅग वरच्या फळीवर ठेवू नका. कुंभार्ली घाटाच्या वळणांवर फळीवरचं सामान एकमेकांवर येतं. मांडीवर ठेवा.

चारचाकीत उन्हाळ्याची काळजी घ्या. बंद गाडी उन्हात उभी राहिली की आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी सहज वर जातं. मेमध्ये जळगाव किंवा चंद्रपूरला मांडवाबाहेर गाडी लावून जेवायला गेलात, तर मागे बॅटऱ्या भाजत असतात आणि पाती मऊ पडत असतात. मऊ पडलेल्या पात्यावर काही दाबलेलं असेल, तर ते तशाच आकारात गार होतं. बॅग सोबत न्या, आणि ते जमत नसेल तर निदान ओळखीच्या माणसाजवळ पंख्याखाली ठेवा.

विमानात सुट्या बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, त्या हातातल्या बॅगेतच न्यायच्या. प्रत्येक बॅटरीच्या टोकांवर टोपी किंवा चिकटपट्टी, आणि शक्य तर वेगळी पिशवी. बॅटरी किती वॅट-तासांची आहे ते तिच्यावर छापलेलं असतं. नसेल तर व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करा. मिनी २ चे ७.७ व्होल्ट गुणिले २.२५, म्हणजे सुमारे १७. मॅव्हिक ३ चे ७७. शंभराच्या आत असेल तर सहसा अडवत नाहीत, १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची आधी परवानगी लागते. ड्रोन हातात न्यायचा की सामानात, हे कंपनीला आधीच विचारा. सामानात द्यावाच लागला तर कडक पेटीत द्या. इजिप्त किंवा मोरोक्कोच्या सहलीला निघाला असाल तर ड्रोन घरीच ठेवा, तिथे विमानतळावरच काढून घेतात.

वाळू आणि भंडारा

कोकणात हे वेगळं सांगायला हवं. रत्नागिरीजवळ मिऱ्या, काळबादेवीच्या किनाऱ्यांवर काळसर वाळूचे पट्टे दिसतात. त्यात इल्मेनाइट असतं, म्हणजे लोह आणि टायटॅनियमचं खनिज. ड्रोनच्या मोटरीत चुंबक असतात आणि वाळूतले हे लोहाचे कण त्यांना जाऊन चिकटतात. साधी वाळू फुंकरीने निघते, ही निघत नाही.

म्हणून किनाऱ्यावर वाळूतून कधीही उडवू नका आणि उतरवू नका. घडीचं लँडिंग पॅड न्या, नसेल तर चटई अंथरून चार कोपऱ्यांना दगड ठेवा. उडवून झाल्यावर बॅटरी काढा, ड्रोन उलटा धरा, रबरी ब्लोअरने मोटरींच्या फटीत हवा मारा आणि प्रत्येक मोटर कानाजवळ आणून हाताने फिरवा. बारीक करकर ऐकू आली तर काळे कण आत आहेत. पोस्टर चिकटवायची मऊ पुट्टी मिळते, तिचं टोक करून फटीत हलकेच टेकवलं की ते तिला लागून बाहेर येतात. पंक्चरवाल्याच्या नळीची हवा मारू नका. त्या हवेत तेल-पाण्याचा अंश असतो आणि जोर इतका की कण बेअरिंगच्या आत जातात.

जेजुरीला भंडाऱ्याचं तसंच. उधळण चालू असताना ड्रोन त्या पिवळ्या ढगात नेऊ नका. परत आल्यावर हळद आधी कोरड्या मऊ ब्रशने झाडा. ओलं फडकं लावलंत तर ती चिकटून बसते.

बॅटरी ठेवताना

भरलेली बॅटरी कपाटात ठेवली तर फुगते, रिकामी ठेवली तर मरते. दहा दिवसांहून जास्त उडवणार नसाल तर ४० ते ६० टक्क्यांवर ठेवा. चार दिव्यांपैकी दोन लागले की झालं. हल्लीच्या बऱ्याच बॅटऱ्या काही दिवस पडून राहिल्या की स्वतःच खाली येतात, तेव्हा त्या किंचित कोमट लागतात, त्याला घाबरू नका. मात्र रिकामी झालेली बॅटरी स्वतःहून भरत नाही. शेवटच्या लग्नाहून आलात आणि ५ टक्क्यांवरच्या बॅटऱ्या तशाच टाकल्यात, तर दिवाळीत त्या उठणार नाहीत.

उडवून आलेली बॅटरी गरम असते. ती निवल्यावरच चार्जिंगला लावा. दर तीन महिन्यांनी एकदा पूर्ण भरा, थोडी उडवून पुन्हा निम्म्यावर आणा. रिमोटलाही बॅटरी असते, तिलाही हेच. बॅटऱ्या ड्रोनच्या बाहेर काढून, लोखंडी किल्ल्या-नाण्यांपासून लांब, गॅसपासून लांब.

फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, घंटागाडीतही टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

चार महिने पावसाचे

चिपळूणमध्ये जूनपासून भिंतींना ओल असते. या दिवसांत लेन्सवर बुरशीची जाळी येते, ती एकदा आली की नुसत्या पुसण्याने जात नाही. मी ड्रोन बॅगेत ठेवत नाही. फोमची बॅग ओल शोषते आणि धरून ठेवते. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा मोठा डबा घ्या, तळाशी स्वच्छ सुती कापड, त्यावर मिटलेला ड्रोन पट्ट्यासह, बाजूला सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारी जेल घ्या, म्हणजे ओल भरली की कळतं. जेल तव्यावर मंद आचेवर परतली की पुन्हा वापरता येते, फक्त तो तवा पोळ्यांचा नसावा. तांदळात ड्रोन ठेवू नका. तांदळाची पावडर फटींत जाते.

डब्यात आर्द्रता मोजायचं छोटं मीटर ठेवलंत तर फारच छान. काटा ४० ते ५० च्या दरम्यान असावा. स्पीकरजवळ किंवा चुंबकाच्या मोबाइल स्टँडजवळ डबा नको, ड्रोनच्या आतल्या होकायंत्रावर परिणाम होतो. आणि एसीतून एकदम दमट हवेत आणलात तर लेन्सवर दव धरतं, म्हणून बॅग बंद ठेवून अर्धा तास थांबा.

अजून एक गोष्ट, ही मी चिपळूणकर म्हणून सांगतो. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आमच्याकडे महाग वस्तू जमिनीलगत कोणी ठेवत नाही. डबा वरच्या मजल्यावर, नाहीतर माळ्यावर. माळा पत्र्याखाली असेल तर मात्र उन्हाळ्यात तो खाली आणायची आठवण ठेवा. पाण्यात गेलेली बॅटरी सुकली, दिवे लागले, तरी ती चार्ज करू नका, आग लागू शकते. ड्रोनही चालू करून बघू नका, तसाच दुरुस्तीला न्या.

दसऱ्याला

आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा असते आणि त्यात आता कॅमेरा, ड्रोनही पाटावर येतात. पूजा जरूर करा, पण हळद-कुंकू आणि झेंडू डब्याच्या झाकणावर वाहा. कुंकवाची पूड मोटरीत आणि गिंबलच्या सांध्यात जाते.

पूजा झाली की तोच दिवस तपासणीचा धरा. पट्टा काढा, झाकण काढा, आठही पाती कापसाने तपासा, स्क्रू हलतात का ते बघा, मोटरी फिरवून ऐका. बॅटऱ्या टेबलावर ठेवून बघा, एखादी डुगडुगली तर ती फुगली आहे. मग पूर्ण चार्ज करा, मोकळ्या जागी जा, मोबाइलवर होकायंत्र कॅलिब्रेट करायला, म्हणजे पुन्हा जुळवून घ्यायला सांगितलं तर करा, आणि डोक्याएवढ्या उंचीवर दोन मिनिटं नुसता स्थिर ठेवा. त्या दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग घरी मोठ्या स्क्रीनवर लावून बघा. समोरच्या भिंतीची कड सरळ राहिली, तर तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा घ्यायला हरकत नाही.